भावासाठी आणलेलं पिल्लू

माझ्या धाकट्या भावाचे स्नायू तो शाळेत जायला लागल्यापासूनच हळूहळू निकामी होत गेले. आधी जिना चढणं गेलं, मग चालणं, मग हात. विशीला टेकेपर्यंत तो दिवसभर आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर बसून असायचा. आम्ही चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात राहायचो. बाबा तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. पुण्याहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. या आजाराची मुलं फार जगत नाहीत, हे डॉक्टरांनी बाबांना केव्हाच सांगितलं होतं. भावालाही ते माहीत होतं. घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं, एवढंच.

एकदा टीव्हीवर त्याने परदेशातल्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचा कार्यक्रम पाहिला. म्हातारा मेंढपाळ एका जागी उभा राहून शिट्टी मारतो आणि लांब डोंगरावरचा कुत्रा अख्खा कळप वळवून आणतो. भाऊ तो कार्यक्रम संपला तरी पडद्याकडे बघत राहिला.

मला म्हणाला, "ताई, त्याला हात नाही लावावा लागत. नुसती शिट्टी."

शिट्टी त्याला येत होती. ओठांत अजून जोर होता. त्या दिवसापासून तो सराव करायला लागला, लांब शिट्टी, तोडून तोडून शिट्टी, चढती, उतरती. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, डोकं उठलं माझं!" पण त्याला थांब असं ती कधी म्हणाली नाही.

मी तेव्हा एका कंपनीत नोकरीला होते. ऑफिसातल्या कोणाकडून तरी कळलं, की चेन्नईच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या कोवलमच्या अलीकडे एक बाई कॉली, म्हणजे तीच मेंढ्या राखणारी कुत्री पाळतात. मोठा धंदा नाही, वर्षा-दोन वर्षांनी एखादं वेत, त्यातली पिल्लंही माणसं पारखून देतात. मी फोन केला. पलीकडून आधी तमिळ, मग माझं आडनाव ऐकल्यावर मराठी आली.

"तुम्ही मराठी होय? आम्हीपण. तंजावरचे. या हो, येऊन पाहा."

बाबांनी व्हॅन ठरवली. भावाला उचलून आत बसवायचं, घडीची खुर्ची मागे टाकायची, वाटेत त्याची मान सरळ धरायची, यातच आम्ही दमून गेलो. तो मात्र खिडकीतून समुद्र दिसतो का बघत होता.

बाई साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सुती साडी, पायांत रबरी बूट. घरामागे कुंपण घातलेली जमीन होती आणि तिच्यात दहा-बारा शेळ्या चरत होत्या. कुत्र्यांना काम हवं म्हणून शेळ्या पाळल्या, असं त्या म्हणाल्या. पिल्लं चार उरली होती. काळी-पांढरी, ओल्या नाकाची, एकमेकांच्या अंगावर लोळणारी.

त्यांनी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या.

"हे जनावर रोज पळाया पाहिजे, अम्मा. यास काम नसलें तर डोकें फिरतें. कोण पळवील?"

"मी पळवीन," मी म्हणाले.

"तुम्ही नोकरी करतां. आम्हास असें देववत नाहीं. रागावूं नका."

बाबा परत व्हॅनकडे निघाले. त्यांना नकार ऐकायची सवय झाली होती. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "या पिल्लांची आई काम करताना बघू का? नुसतं बघतो."

बाईंनी कुत्रीला सोडलं. ती वाकून, जमिनीला पोट लावून शेळ्यांमागून फिरली. बाईंनी लांब, उतरती शिट्टी मारली, तशी जागीच बसली. भावाने ती शिट्टी एकदाच ऐकली. कुत्री पुन्हा उठून धावायला लागल्यावर त्याने हुबेहूब तशीच मारली.

कुत्री बसली. मान वळवून, हा कोण, असं बघत बसली.

बाई घराकडे वळल्या. आत जाऊन एक मादी पिल्लू घेऊन आल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "घ्या, तंबी," धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाल्या. त्याला हात उचलता येत नव्हता, म्हणून मी त्याची बोटं तिच्या पाठीवर नेऊन ठेवली.

त्यानंतरचे काही महिने बरे गेले. याहून मोठा शब्द मला वापरवत नाही. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी तिला समोरच्या मैदानात न्यायची आणि भाऊ व्हरांड्यातून शिट्ट्या मारायचा. डावीकडे, उजवीकडे, बस, ये. ती विलक्षण हुशार होती. मी शेजारी असले तरी तिचे कान व्हरांड्याकडे. क्वार्टर्समधली माणसं बघायला थांबायची. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्याकडे कीव न करता बघत होते आणि ते त्याला कळत होतं.

उन्हाळा लागला. त्या जाड केसांच्या जनावराला आवडीच्या उन्हात धाप लागायची, दिवसभर ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडून राहायची. त्यातच भावाच्या छातीत कफ झाला. हॉस्पिटलमधून तो घरी आला तेव्हा वाक्य पुरं करायलाही त्याला मध्ये थांबावं लागत होतं.

पहिल्याच सकाळी म्हणाला, "बाहेर ने. तिलापण."

मी तिला मैदानात सोडलं. त्याने ओठ गोल केले. नुसती हवा आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. ती मैदानाच्या मध्यावर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मग हळूहळू चालत आली आणि त्याच्या पायांशी बसली. तिला काय करायचं ते कळत नव्हतं. मी विकतची शिट्टी आणली, त्याच्या तोंडात धरली. तीही वाजली नाही. "राहू दे," तो म्हणाला.

"मी वाजवू? तू सांग, मी वाजवते."

"नको, ताई. मग ती तुझी होईल."

त्यानंतर ती बिघडत गेली. पाहुण्यांना खोलीच्या कोपऱ्यात रेटायची, सायकलींमागे लागायची, खेळणाऱ्या पोरांच्या टाचांना तोंड घालून त्यांना एकत्र करायची. शेजारची छोटी मुलगी घाबरून पळताना पडली आणि तिचा हात मोडला. तिच्या वडिलांनी आरडाओरडा केला नाही. दारात येऊन बाबांना एवढंच म्हणाले, "सर, प्लीज." घरात केस उडत होते, आणि डॉक्टरांनीही आता कुत्रं नको म्हणून सांगितलं.

शेवटी भावानेच विषय काढला. "तिला परत देऊन ये. तिकडे शेळ्या आहेत."

तो स्वतः आला नाही. मी एकटीच तिला घेऊन गेले. बाईंनी फाटक उघडलं, शेळ्या बघताच ती माझ्या हातून निसटून धावली. मी घरी आले तेव्हा भाऊ जागाच होता.

"तिने मागे वळून बघितलं?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे वळवून दे म्हणून मला खुणावलं.

पाऊस सुरू व्हायच्या आत तो गेला. आईने त्याची खुर्ची कोणाला तरी देऊन टाकली. बाबा निवृत्तीची वाट बघत कारखान्यात जात राहिले.

पुढच्या वर्षी एका रविवारी मी कोवलमला गेले. भाऊ गेल्याचं बाईंना फोनवर सांगायला नको वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जमीन विकली, अम्मा. इथें प्लॉट पडतील. आम्ही लेकाकडे चाललों. शेळ्या गेल्या." पडवीत ती साखळीला बांधलेली होती. मोठी झाली होती. तिने माझा हात हुंगला आणि पुन्हा डोकं पंजांवर टेकलं.

"हिला नेतां का तुम्ही?"

बाबा निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवला होता. मी नाही म्हणाले. बाईंनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं. पुढे तिला कोणी नेलं, की कोणीच नेलं नाही, मला कळलं नाही.

बस लवकर आली. मासे विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन चढल्या, एकीने मला सरक म्हणून खूण केली. मी खिडकीकडे सरकून बसले.