शिट्टीनंतरचं तिकीट

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने अंगण उकरल्यासारखं, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख चौथीतच तुटली, कारण चौथीनंतर शाळाच सुटली. तेव्हा हे वाचायची पाळी कुणावर आलीच, तर चुका पोटात घालाव्यात. कुणाला दाखवायला मी हे लिहीत नाही. पण लिहून ठेवलं नाही तर असा माणूस होता यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. सबंध इंग्लंडात त्यांच्याइतके फुटबॉलचे मोठे सामने पाहिलेला, आणि तरीही एकाही सामन्याची सुरुवात न पाहिलेला दुसरा माणूस सापडायचा नाही.

ते माझ्या भावाचे मित्र. भाऊ नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि हे तिथेच रक्त तपासायच्या लॅबमध्ये. मूळचे पुण्याचे, लग्न केलेलं नव्हतं. माझे यजमान गेल्यावर भावाने मला इकडे बोलावून घेतलं, कारण भावजयही डॉक्टर आणि भाचीकडे बघायला घरात कुणी नाही. शनिवारी दुपारी हे आमच्याकडे चहाला यायचे. भाऊ मला अक्का म्हणतो म्हणून तेही अक्का म्हणायचे. मी त्यांना काहीच म्हणत नसे. परक्या पुरुषाशी बोलायची मला सवय नव्हती. "चहा झाला" असं मी कपाटाकडे बघून सांगायची, आणि तेही बिचारे कपाटाकडे बघूनच "वा, अक्का, वेलदोडा पडलाय वाटतं" म्हणायचे.

फुटबॉलच्या साध्या सामन्याला तेव्हा दारातच पैसे देऊन आत जाता यायचं. तिकिटांची मारामारी फक्त मोठ्या सामन्यांना. तर हे फक्त मोठ्या सामन्यांना जायचे. भावाने एकदा विचारलं, तर म्हणाले, "साध्या सामन्यात काय मजा? तिथे भाव करायला कुणी भेटत नाही." आपल्याकडे सिनेमाच्या दारात ब्लॅकवाले असतात ना, तसे इथल्या नदीकाठच्या फुटबॉल मैदानाबाहेर कोटाच्या खिशात हात घालून ब्लॅकवाले फिरत. तिकीट विकणाऱ्यांना पकडायचा कायदा पुढे आला, तेव्हा नव्हता. यांचं सगळं शास्त्र त्या लोकांवर उभं होतं. शास्त्राचा पहिला नियम असा, की खेळ सुरू झाल्याची शिट्टी ऐकू आल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. "तिकीट म्हणजे कोथिंबीर, अक्का. शिट्टी वाजली की सुकायला लागते. वीस पौंडांचं तिकीट दहा मिनिटांत सहाला येतं, आणि वीस मिनिटांनी विकणाराच आपल्यामागे धावतो." त्यामुळे ते आत पोचेपर्यंत एकदोन गोल होऊन गेलेले असत. शेजारच्या माणसाला स्कोअर विचारून ते समाधानाने खाली बसत, आणि पहिल्या वीस मिनिटांचे चौदा पौंड वाचले असं त्यालाही सांगत.

स्वस्ताईपेक्षाही त्यांचा भर फसवणूक टाळण्यावर. ज्याच्या हातात तिकिटांची गड्डी आहे त्याच्याकडून घ्यायचं नाही. ज्याच्या हातात एकदोनच आहेत आणि तोंड उतरलेलं आहे, त्याच्याकडून घ्यायचं, कारण त्याचा सोबती खरोखरच आलेला नसतो. मग तिकीट उजेडात धरायचं, अंगठा ओला करून शाई सुटते का बघायचं, दारात फाडून घेतात तो तुकडा शाबूत आहे ना बघायचं, आणि शेवटी लॅबमधलं भिंग खिशातून काढायचं. भिंग निघालं की निम्मे ब्लॅकवाले तसेच निघून जात, पोलीस असेल म्हणून. पुढे विकणाऱ्याचे बूट बघायचे. पळायचे बूट घातलेल्याशी व्यवहार नाही. आणि इतकं सगळं जमलं तरी पैसे रस्त्यात द्यायचे नाहीत. विकणाऱ्याने लोखंडी फिरत्या दारापर्यंत बरोबर यायचं, यांचं एक पाऊल आत पडलं की हात मागे करून नोट द्यायची. "पैसे समोरासमोर आणि माल पोचल्यावर," असं ते म्हणायचे. एक ब्लॅकवाला वैतागून म्हणाला होता म्हणे, की तुम्ही तिकीट घेताय की घर?

या शास्त्रात एकच गोष्ट कमी होती. पुण्याच्या मंडईत त्यांचे वडील भाव करायचे आणि आई "राहू द्या, चला" म्हणून चालू लागायची, की भाव उतरायचा. बायको नसल्यामुळे यांच्याजवळ चालू लागणारं कुणी नव्हतं. एका शनिवारी ते भावाला म्हणाले, "आज अक्कांना नेऊ का? बोलायचं काही नाही. मी खोकलो की वळून चालायला लागायचं. एवढंच." भावाला गंमत वाटली. त्याने मला गाडीतून नेलं आणि स्वतः गाडीत पेपर वाचत बसला. नऊवारीवर भावाचा ओव्हरकोट, पायात लोकरीचे मोजे, अशी मी त्यांच्याशेजारी उभी राहिले. ब्लॅकवाला माझ्याकडे बघून काहीतरी बोलला मात्र, खोकला यायच्या आधीच मी वळले आणि चालत सुटले ती थेट नदीच्या पुलापर्यंत. तिकीट तीन पौंडांना पडलं. इतकं स्वस्त त्यांना कधी मिळालं नव्हतं. नंतर भावाने हसत हसत सांगितलं, की तो ब्लॅकवाला "तुमची मिसेस रागावली वाटतं" असं म्हणाला, आणि हे त्याला "रोजचंच आहे" म्हणाले. पुढच्या दोन मोठ्या सामन्यांना मी गेले नाही. तिसऱ्याला गेले.

मग भाचीचा अकरावा वाढदिवस आला. मुलगी इकडेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलायची, आणि शाळेच्या फाटकाशी मी न्यायला गेले की माझ्यापुढे दहा पावलं चालायची. माझ्याकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आत्या, माझा बर्थडेला मला मॅच पाहिजे. बिग मॅच. स्टार्टपासून. काकाची हाफ मॅच नको." भाऊ म्हणाला, मी पैसे देतो. मी म्हटलं, मागितलंय माझ्याकडे. दिवाळीत इथल्या आपल्या घरांना मी चकल्या करून देत असे, त्याचे चाळीस पौंड कस्टर्डच्या डब्यात साठले होते. ते मी टेबलावर ठेवले. मी बरोबर असेन तरच भावजय मुलीला पाठवणार होती, म्हणजे तीन तिकिटं.

"स्टार्टपासून" हे ऐकून त्यांनी बशी खाली ठेवली. "सकाळी सातला कोथिंबीर घ्यायची म्हणजे भाजीवाल्याच्या पोरीच्या लग्नाचा खर्च आपण करायचा, अक्का." पण मुलीच्या तोंडाकडे बघून त्यांनी पैसे उचलले. त्यांत स्वतःचे वीस घातले, आणि चार दिवस आधीच एका माणसाकडून वीस-वीसची तीन तिकिटं आणली. भिंगाखाली बघितली, शाई सुटली नाही. "आणि बूट पॉलिश केलेले होते," असं दोनदा सांगितलं.

सामन्याच्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी दाराशी. इतक्या लवकर ते कधी आले नव्हते, त्यामुळे गर्दी केवढी असते ते बघून त्यांनाच नवल वाटत होतं. दारावरच्या माणसाने तिकिटं हातात घेतली, अंगठ्याने चाचपली आणि यांना काहीतरी सांगितलं. भाचीचं तोंड एवढंसं झालं. "आत्या, तो म्हणतो तिकीट छान छापलंय. पण त्यांनी नाही छापलं."

आम्ही बाजूला झालो. लोक आम्हाला वळसा घालून आत जात होते. हे चष्मा काढून पुसत राहिले. मुलगी रडली नाही, नुसती माझ्या कोटाची बाही धरून उभी राहिली. शाळेच्या फाटकाशी दहा पावलं पुढे चालणारी मुलगी ती. आज हिला आत पोचवलं नाही तर पुन्हा ती माझ्याकडे काही मागणार नाही, एवढं मला कळत होतं. तेवढ्यात आतून शिट्टी ऐकू आली आणि मोठा गलका झाला. त्यांनी चष्मा घातला. "चला अक्का," म्हणाले, "आता माझी वेळ."

त्यांच्या खिशात दहा पौंड होते. भिंतीशी एक जाडा गृहस्थ दोन तिकिटं घेऊन उभा होता, तोंड उतरलेलं, पायात चिखलाचे जाड बूट. त्याचे मेहुणे आले नव्हते म्हणे. तिकिटं उजेडात गेली, भिंगाखाली गेली, खरी निघाली. तो तीस मागत होता. हे दहावर. तो पंचवीसवर आला, मग अठरावर, आणि तिथे थांबला. हे खोकले. मी वळले नाही. बाहीला मुलीचा हात होता. ते पुन्हा खोकले, चांगले जोरात. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "प्लीज. टेन."

इंग्लंडात येऊन मला सहा वर्षं झाली होती. परक्या माणसाशी इंग्रजीत बोलले ते हे पहिलं. तो गृहस्थ माझ्याकडे बघत राहिला, मग मुलीकडे, मग म्हणाला, "ऑल राइट, लव्ह." इकडे दुकानदारही बायकांना असंच म्हणतात.

"तुम्ही माझ्या सगळ्या शास्त्राची वाट लावलीत," ते मला म्हणाले. मग तिकिटं आमच्या हातात देऊन म्हणाले, "तुम्ही दोघी जा." मी कपाट शोधत होते, पण तिथे कपाट नव्हतं, म्हणून जमिनीकडे बघून म्हटलं, "आणि तुम्ही?" ते म्हणाले, "मला सवय आहे बाहेर उभं राहायची." आम्ही दोघी आत गेलो, आणि मगच त्यांनी त्या गृहस्थाला नोट दिली.

आत हिरवंगार गवत होतं आणि हजारो तोंडांतून वाफ निघत होती. मला खेळातलं काही कळलं नाही, पण भाचीने सगळा सामना मला मराठीत सांगितला. "तो आपला आहे. तो आपली नाही. आता बघ आत्या, आता बघ." एवढं मराठी ती वर्षभरात बोलली नव्हती. सुरुवात चुकली याची तिला आठवणही झाली नाही. बाहेर आलो तर हे भिंतीशी उभे, नाक लाल झालेलं. "तीन गोल झाले ना?" म्हणाले. "पहिले दोन आपले. तिसऱ्याला आवाज पाहुण्यांच्या कोपऱ्यातूनच आला, म्हणजे त्यांचा." बरोबर होतं. "फुकटात पाहिला," म्हणाले. "यापेक्षा स्वस्त मिळणार नाही."

पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या चाळीसांतले पहिले म्हणून बशीखाली दोन पौंड ठेवले. मी नको म्हणून भावाकडून सांगवलं. "माल तपासणारा मी होतो," ते म्हणाले. "नुकसान तपासणाऱ्याचं." मग दर शनिवारी दोन पौंड, एक कप चहा आणि एखाद्या ब्लॅकवाल्याची गोष्ट. निम्म्याहून जास्त फेडून झाले, आणि त्यांना लंडनच्या बाजूला नोकरी लागली. स्टॅनमोरला खोली घेतली. मला वाटलं, राहिलेले राहिले. पण महिन्यातून एका शनिवारी ते ट्रेनने यायचे आणि बशीखाली दोन पौंड ठेवायचे. भाऊ म्हणाला, "अरे, दोन पौंड द्यायला तू चौदा पौंडांचं भाडं भरतोस? पोस्टाने पाठव की."

"पाकीट हरवलं तर?" ते म्हणाले. "पैसे समोरासमोर द्यायचे."

ज्या शनिवारी शेवटचे दोन पौंड आले, त्या दिवशी घरात आम्ही दोघंच होतो. भाऊ-भावजय ड्यूटीवर, भाची मैत्रिणीकडे. त्यांनी चहा सावकाश घेतला. "झाले ना सगळे, अक्का?" त्यांनी विचारलं. अजून दोन राहिलेत असं म्हणावं, असं माझ्या मनात आलं होतं. एवढं भिंग घेऊन फिरणारा माणूस, पण माझा शब्द त्यांनी तपासला नसता. म्हणूनच मला ते बोलवलं नाही. मी कपाटाकडे न बघता, त्यांच्याकडे बघून सांगितलं, "हो. सगळे आले."