ओसरीवरची वही

कामोठ्यात आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. दोन भाडेकरूंची, तिथली माणसं दर अकरा महिन्यांनी बदलतात. एक आमचं, आणि समोरचं उज्वलाताईंचं. मी मूळची उरणची. न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात नोकरी करते. सकाळी आठला निघते, संध्याकाळी सातला येते. त्यामुळे शेजारीण म्हणून मी फारशी कामाची नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं बरंचसं माझ्या दारासमोर घडलं, आणि ते काय होतं हे मला नंतर कळलं, ताईंच्याच तोंडून.

ताई साताऱ्याकडच्या, कोरेगाव तालुक्यातल्या. नवरा ज्योतिबा, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. तीस वर्षं पाठीवर पोती वाहून त्या माणसाने हा एका खोलीचा फ्लॅट घेतला आणि मुलाला, शिवतेजला, इंजिनियरिंगचा डिप्लोमा करू दिला. ताई दहावी शिकलेल्या. शाळेत फळ्यावरचा सुविचार रोज त्यांनीच लिहायचा, असं त्यांचं अक्षर. मार्केटातल्या कितीतरी माथाड्यांचे अर्ज त्यांनी लिहून दिले होते.

एका मंगळवारी ज्योतिबा नेहमीसारखे कामाला गेले आणि दहाच्या सुमाराला पोत्यांच्या थप्पीजवळच कोसळले. दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं संपलं होतं. शिवतेज तेव्हा चाकणला नोकरी करत होता. तेराव्यानंतर म्हणाला, "आई, चल माझ्याकडं." ताई म्हणाल्या, "वर्ष होऊ दे." वर्षाच्या आत त्याचं लग्न करावं लागलं, तिकडेही एकच खोली, आणि मग तो विषय कुणीच काढला नाही.

एकट्या माणसाचा भात कसा लावायचा हे त्यांना जमेना. उरलेला भात घेऊन त्या माझ्या दारात उभ्या राहायच्या. "मारिया, पोरांना दे गं, ताजा हाय." मी भात घ्यायचे, "आत या ना" म्हणायचे, आणि त्यांना दिसायचं की माझ्या अंगावर अजून ऑफिसचे कपडे आहेत. त्या परत फिरायच्या.

सुचिता त्यांना सेक्टरच्या बागेत भेटली. पन्नाशीची, बालवाडीत शिकवणारी, हसतमुख. ताई एकट्याच चकरा मारत होत्या, तर ती त्यांच्या चालीने चालू लागली. रोज भेटू लागली. मुख्य म्हणजे ऐकून घ्यायची, मध्ये न बोलता. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी तिला अशी गोष्ट सांगितली जी पोटच्या पोरालाही सांगितली नव्हती. त्या मंगळवारी ज्योतिबांनी निघताना दुसऱ्यांदा चहा मागितला होता. ताई म्हणाल्या होत्या, "मी काय हॉटेल काढलंय का?" ते तसेच चपला घालून गेले.

महिन्याभराने सुचिता त्यांना कळंबोलीच्या एका रो-हाऊसमध्ये घेऊन गेली. त्या जागेला सगळे 'ओसरी' म्हणत. साठ-सत्तर माणसं, बहुतेक बायका. मधे एका साध्या चटईवर ऋता नावाची बाई बसलेली. वय बेचाळीस. पण तिला सगळे 'आई' म्हणत, सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा. ताई नमस्काराला वाकल्या तेव्हा ऋताने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "बाळ, त्या दुसऱ्या चहाचं ओझं आता खाली ठेव. त्यानं कधीच माफ केलंय."

ताई तिथेच हमसून हमसून रडल्या. दोघीतिघींनी त्यांना जवळ घेतलं. वर्षभरात त्यांच्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता.

"मला वाटलं, हिला दिसतं," त्या पुढे मला म्हणाल्या. "हिला माझ्या आतलं दिसतं. मग हिच्यापासून लपवायचं काय आणि हिला विचारायचं काय?"

पहिले काही महिने मलासुद्धा बरं वाटलं. समोरच्या दारातून हसण्याचा आवाज यायचा. ताईंच्या वाढदिवसाला नऊ बायका डबे घेऊन आल्या. रोज सकाळी सहाला फोन यायचा, "उज्वला, उठलीस का?" मी मनात म्हटलं, चला, सुटले मी.

मग बारीकसारीक गोष्टी बदलत गेल्या. ताई भात घेऊन यायच्या बंद झाल्या. घरी कोण आलं, बाहेर कुठे जाणार, हे सकाळच्या फोनवर सांगावं लागायचं. ओसरीत न येणाऱ्यांना त्या 'बाहेरची माणसं' म्हणू लागल्या. त्यात मीही आले आणि शिवतेजही. एकदा मी सहज विचारलं, "ताई, तुमच्या त्या आई आधी काय करायच्या?" त्या पाठ केल्यासारख्या म्हणाल्या, "शंका म्हणजे कीड. एक शिरली की सगळं धान्य जातं." कोणी एक बाई ओसरी सोडून गेली होती. तिचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. "का?" म्हटलं तर ताईंनी दार लोटून घेतलं.

शिवतेजला मुलगी झाली. बारशाला न्यायला तो रविवारी सकाळी स्वतः आला. मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते, त्यामुळे ऐकलं.

"माझी चाळीस दिवसांची साधना चाललीय," ताई दारातच म्हणाल्या. "मधे मोडता येत नाही. आईला विचारून सांगते."

"माझी आई तूच ना?" शिवतेज म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "नातीच्या बारशाला जाऊ का, हे तू कुणाला विचारणार?"

ताईंनी फोन लावला. दोन मिनिटं नुसतं "हो आई, हो आई" केलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "नको म्हणतायत."

तो जिना उतरून गेला. खाली गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण मी मारिया मुकादम. कुणाच्या श्रद्धेबद्दल शेजारच्या मुसलमान बाईने तोंड उघडलं, तर सोसायटीत ते कसं ऐकलं जाईल, हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. ओसरी सुटली असती तर ती रिकामी संध्याकाळ परत माझ्या दारात येऊन उभी राहिली असती.

ओसरीत ताईंना त्यांच्या अक्षरामुळे एक सेवा मिळाली. दर बुधवारी दुपारी नवीन आलेल्या बायकांजवळ बसायचं, त्यांना पाणी-सरबत द्यायचं, त्यांचं दुःख ऐकायचं आणि त्या गेल्यावर वहीत लिहून ठेवायचं. वही संध्याकाळी सुचिताकडे द्यायची. आई त्या बायकांसाठी प्रार्थना करतात, त्यांना नावं लागतात, एवढंच ताईंना सांगितलं होतं. ताई मन लावून लिहायच्या. त्यांच्यासमोर बसून बायका मोकळ्या व्हायच्या.

सोनम नावाची एक मुलगी आली, सव्वीस-सत्तावीसची. तिचं बाळ जन्मल्यावर तीनच दिवस जगलं होतं. कागदावर नाव लागायच्या आतच गेलं. पण तिने मनात एक नाव ठेवलं होतं. रडत रडत तिने ते सांगितलं, ताईंनी संध्याकाळी वहीत उतरवलं.

रविवारी सभेत ऋताने सोनमला पुढे बोलावलं. डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. "मला एक बाळ दिसतंय. सोम. सोम तुला हाक मारतोय गं."

सोनम क्षणभर थबकली. मग ओंजळीत तोंड घालून रडू लागली. "हो आई, हो."

सभा संपल्यावर ताई स्वयंपाकघरात ताटं पुसत होत्या. सोनम पाणी प्यायला आली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी त्याचं नाव ओम ठेवलं होतं. पण आईंना सोम दिसला. म्हणजे तेच खरं असणार, ना? माझंच चुकलं असेल."

ताईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. सोम त्यांनी लिहिलं होतं. बुधवारी सोनमच्या रडण्यात त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. ऋताला जे दिसलं ते बाळ नव्हतं, ती ताईंची चूक होती.

मग त्यांना ज्योतिबांचा चहा आठवला, आणि बागेतल्या चकरा.

"माझ्या चहाचं तू लिहिलं होतंस?" त्यांनी सुचिताला विचारलं.

सुचिता लाजली नाही की चिडली नाही. "लिहिलं होतं की. आपण निरोप पोचवायचा, बोलायचं ते आई बोलतात. तुझं भलंच झालं ना?" ती मनापासून बोलत होती. ताई म्हणतात, त्या क्षणी त्यांना सुचिताचीच जास्त भीती वाटली.

पुढच्या बुधवारी त्यांनी सोनमला बाजूला घेतलं. "पोरी, तुझा ओमच. सोम मी चुकून लिहिलं वहीत. वही वाचतात ह्या."

सोनमचा चेहरा बदलला. "ताई, तुम्ही आईंची परीक्षा बघताय?"

संध्याकाळपर्यंत ते वर पोचलं होतं.

ऋता रागावली नाही. सभेत गोड आवाजात म्हणाली, "आपल्या उज्वलाबाळाच्या मनात कीड शिरलीय. आपण कुणी रागवायचं नाही. फक्त तिच्याशी बोलायचं नाही, ती बरी होईपर्यंत." अकरा दिवस ताई रोज जात राहिल्या. कुणी बोलायचं नाही. ताट वाढून पुढे सरकवायचं आणि नजर फिरवायची. सकाळी सहाचा फोन बंद झाला. तरी त्या जायच्या, कारण दुसरं जायचं कुठे?

बाराव्या दिवशी सगळ्यांच्या देखत ऋता म्हणाली, "जी नवऱ्याला शेवटचा घोटभर चहा देऊ शकली नाही, ती दुसऱ्याला काय देणार?"

ताई उठल्या. पायात चपला सरकवल्या आणि कळंबोलीहून कामोठ्यापर्यंत हायवेच्या कडेने उन्हात चालत आल्या. मी त्या दिवशी सुटीवर होते. बेल वाजली. दारात त्या उभ्या, घामाने चिंब. "मारिया, पाणी दे गं," म्हणाल्या, आणि आमच्या सोफ्यावर बसून त्यांनी मला हे सगळं सांगितलं, संध्याकाळची अजान होईपर्यंत.

आठवडाभरात सत्तर माणसं त्यांच्या आयुष्यातून गेली. फोन लागेनात. भाजीबाजारात सुचिता समोरून आली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. सोनमला त्यांनी तीनदा गाठायचा प्रयत्न केला, चौथ्यांदा तिच्या नवऱ्याने फोन उचलला आणि पोलिसांचं नाव काढलं. ती अजून ओसरीत जाते, असं ऐकते.

शिवतेजला फोनवर काय सांगावं हे त्यांना सुचेना, म्हणून चार पानी पत्र लिहिलं. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "वाचलं. ये इकडं." एवढंच. त्या आठवडाभरासाठी गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या. सुनेने काही कमी केलं नाही. रोज गरम जेवण, स्वच्छ चादर. पण बोलण्यात "अहो आई, तुम्ही बसा," यापलीकडे काही नाही. नात दीड वर्षाची, अनोळखी बाई दिसली की आईच्या पायाला मिठी मारायची. "तिची काय चूक?" ताई म्हणाल्या. "मी कुठं होते?" शिवतेज आता दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आठ-दहा मिनिटं. कधी कधी नात पडद्यावर बोट आपटते.

मी हल्ली संध्याकाळी त्यांच्याकडे डोकावते. रोज जमत नाही. मागे त्या मला म्हणाल्या, "खोटं होतं सगळं, मला कळतंय. पण सहाला कुणीतरी उठवायचं गं. अजून जाग येती सहाला. पडून राहते फोनकडं बघत."

गेल्या महिन्यात मीच म्हटलं, मागच्या सेक्टरच्या देवळात बायकांचं भजन असतं गुरुवारी, जाऊन तर बघा. त्या गेल्या. अर्ध्या तासात परत आल्या. मी विचारलं, काय झालं?

"पायरीवर एक बाई भेटली. चांगली होती. म्हणाली, ताई, एकट्याच राहता का?" त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "खरंच आपुलकीनं विचारलं असंल बिचारीनं. पण मला ओळखताच येईना, की ही कसली आपुलकी. म्हटलं, गॅस चालू राहिलाय. आणि आले निघून."

मग माझ्या पोरांच्या जेवणाची वेळ झाली आणि मी उठले.