मधलं ठिगळ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी त्यावरून टोचायला नको. दूधवाल्याने माप टाकलं की मी पातेल्यात बोट बुडवून बघते. शेजारीण गोड बोलली की हिला आता काय हवंय, हा विचार आधी येतो. आमचे हे म्हणतात, तू पोलिसात असतीस तर निम्मा तालुका आत असता. पोलिसात काही मी गेले नाही. मी घरात गोधड्यांचा धंदा काढला, आणि सगळा संशय तिथे खर्ची घातला.

पाटोद्यापासून थोडं आत आमचं गाव. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नाला पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. मुक्कामाला आमच्याकडे होत्या. घरातली वाकळ पांघरून झोपल्या आणि सकाळी उठल्या त्या तिची घडी मांडीवर घेऊनच बसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या गेलेल्या आईच्या साड्या पाठवल्या, यांची अशीच एक शिवून द्या म्हणून. त्यांच्या बहिणीने पाहिली, बहिणीच्या मैत्रिणीने पाहिली, आणि फोन यायला लागले. आम्ही घरात वाकळ म्हणतो, पण शहरातल्या माणसांना गोधडी हा शब्द आवडतो, म्हणून फोनवर मीही गोधडी म्हणायला शिकले. माणसं कुरिअरने साड्या पाठवतात. कुणाच्या आईच्या, कुणाच्या आत्याच्या, कुणाच्या स्वतःच्या लग्नातल्या. हा सगळा विश्वासाचा मामला आहे बघा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. घरात मात्र त्या साड्या कुलपात ठेवते आणि किल्ली कमरेला.

काम तिघींचं. कापड जुळवणं आणि गिऱ्हाईक सांभाळणं माझ्याकडे. टाके घालायची ती माझी धाकटी जाऊ. दोघे भाऊ वेगळे निघाले तेव्हा चुली दोन झाल्या, अंगण मात्र एकच राहिलं, तिचं दार माझ्या दारासमोर. ती डावखुरी आहे. तिचा टाका बारीक, एकसारखा आणि किंचित डावीकडे कललेला. पंचक्रोशीत असा टाका दुसरीचा नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोललं की माणसं भाव खातात.

तिसऱ्या सासूबाई. आमच्याकडे गोधडी कडेकडून शिवत आत येतात. चौकोनाच्या आत चौकोन, त्याच्या आत आणखी एक, असं करत शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते. तिथे एक ठिगळ बसतं आणि गोधडी पुरी होते. हे मधलं ठिगळ घरातल्या थोरल्या बाईनेच लावायचं, आणि लावण्याआधी त्याच्याखाली भाकरीचा तुकडा ठेवायचा. याला वाकळीचं पोट भरणं म्हणतात. घरच्या वाकळीला ते ठीक आहे. पण लोकांच्या पलंगावर भाकरी कशी पाठवायची? पहिल्याच ऑर्डरीला मी सासूबाईंना बजावलं की ह्या विकायच्या आहेत, यात भाकरी घालायची नाही. त्या बरं म्हणाल्या. सासूबाई बरं म्हणाल्या की मी विषय संपला असं समजते. त्यांना आता नीट दिसत नाही. सुईत दोरा ओवता येत नाही. जाऊ रोज चार-पाच सुया ओवून उशीला टोचून ठेवायची आणि सासूबाई हाताने चाचपत एकेक घ्यायच्या. त्यांचे टाके मोठे आणि वाकडेतिकडे पडतात. गिऱ्हाइकांना तेच फार आवडतात.

मागच्या उन्हाळ्यात एक गोधडी पार्सलसाठी घडी करत होते. दारात चांगला उजेड होता. मधल्या ठिगळावरून हात फिरवला आणि थबकले. तीन बाजूंना सासूबाईंचे ढांगा टाकत गेलेले टाके, आणि चौथ्या बाजूला चार बोटं जागेत बारीक, डावीकडे कललेले टाके. कुणीतरी ठिगळ उसवलं होतं आणि परत शिवलं होतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला पंचांग नको होतं. मी पेटीतल्या तयार असलेल्या आणखी दोन गोधड्या काढल्या. दोन्हींना तेच.

करणीबिरणीवर माझा विश्वास नाही, तरी लिंबू आणि टाचण्या एकदा डोळ्यांसमोर येऊन गेल्याच. दार लावून मी ब्लेडने एक ठिगळ उसवलं. आत काही नव्हतं. दुसरं उसवलं, तिथेही नाही. काही सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. आता रात्रंदिवस डोकं चालायला लागलं.

आणि डोकं चाललं की सगळं जुळत जातं. त्याच सुमारास जावेने नवा फोन घेतला होता. मधूनमधून ती मला विचारायची, कोल्हापूरच्या बाईंचं पार्सल पोचलं का, त्या गोधडीबद्दल काही म्हणाल्या का. तेव्हा मला वाटायचं, काळजीने विचारते. आता वाटलं, हिला माझ्या गिऱ्हाइकांशी काय करायचंय? शिवाय सोलापूरच्या एक बाई, ज्यांनी तिसरी गोधडी सांगते म्हणून कबूल केलं होतं, त्यांचा फोन आलाच नव्हता. मला उत्तर मिळालं. जाऊ ठिगळाखाली आपल्या फोन नंबरची चिठ्ठी घालत होती. माझ्या घरात बसून, माझ्या गोधडीत, माझ्या पार्सलातून ती माझी गिऱ्हाइकं आपल्याकडे वळवत होती. पेटीतल्या गोधड्यांत चिठ्ठी का नाही, याचंही उत्तर माझ्यापाशी होतं. हिला माझ्या संशयाचा वास लागला असणार.

ठिगळाखाली शिवलेली चिठ्ठी गिऱ्हाइकाला दिसणार कशी, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही.

आठवडाभर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाळत ठेवली. कढी दोनदा उतू गेली. एका दुपारी सासूबाई ठिगळ लावून पडवीतल्या बाजेवर आडव्या झाल्या. जावेने मान वर करून माझ्या दाराकडे पाहिलं. मग पाठ फिरवून बसली, कातरीच्या टोकाने ठिगळाची एक बाजू उसवली, आत दोन बोटं घातली आणि काहीतरी मुठीत घेतलं. झरझर शिवून टाकलं. पिशवी उचलून अंगणात आली आणि चालता चालता मूठ कोंबड्यांपुढे उघडली. मी पदर खोचून बाहेर पडेपर्यंत कोंबड्यांनी जमीन साफ केली होती. काय टाकलंस विचारलं तर म्हणाली, काही नाही, कोंबड्यांना जरा. मला खात्री होती की तिने चिठ्ठी फाडून टाकली. आमच्या कोंबड्या कागदालाही चोच मारतात.

"पिशवी दाखव," मी म्हणाले.

मी तिच्या हातातून पिशवी ओढली आणि अंगणात पालथी केली. दोऱ्याची दोन रिळं, सुयांची डबी, एक लिमलेटची पुडी, रुमाल. बस. रस्त्यापलीकडची बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. मला तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण पिशवी रिकामी निघाल्यावर मी जास्तच चिडले. ठिगळाखाली चिठ्ठ्या घालून माझी गिऱ्हाइकं पळवतेस, माझ्या घरचं मीठ खाऊन मलाच बुडवतेस, दुसरं घर मिळालं नाही का तुला, असं वाटेल ते बोलले. तिने एकदा बाजेवरच्या सासूबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुमी म्हनताल तसं, अक्का," एवढंच म्हणाली. खाली बसून तिने रिळं गोळा केली, सुयांची डबी पदराने पुसली आणि आपल्या घरात गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, ती मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला जायला लागली आहे.

सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मला वाटलं, धाकटी लाडकी, म्हणून रुसल्या.

मी गावातल्या दोघींना बोलावून बघितलं. एकीचा टाका पोत्याला घातल्यासारखा, दुसरी टाक्यापेक्षा तोंड जास्त चालवायची. शेवटी मीच बसले. पाठ धरली, बोटांना भोकं पडली, तरी गोधडी सपाट होईना. जावेचा टाका काय होता ते तेव्हा माझ्या बोटांना कळलं. हातात नाशिकच्या एका बाईंची ऑर्डर होती. नातीच्या बारशाला आपल्या आईच्या साड्यांची गोधडी घालायची, अशी त्यांची फार इच्छा. मी कशीबशी शिवली. सासूबाईंसाठी सुया ओवून ठेवल्या, त्यांनी मधलं ठिगळ लावलं, आणि मी पार्सल पाठवून दिलं.

वीस-बावीस दिवसांनी फोनवर फोटो आला. गोधडी मधोमध कुरतडलेली. मोरपंखी साडीला मुठीएवढं भोक, आणि त्या भोकात ज्वारीच्या भाकरीचा वाळलेला तुकडा. बारशासाठी म्हणून त्यांनी ती कपाटात जपून ठेवली होती, तिथे उंदराने गाठली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खाली एवढंच लिहिलं होतं की आईची ही एकच चांगली साडी उरली होती. मी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ चुलीपुढे बसून राहिले. मला फार लाज वाटली. लिहायचीही चोरी वाटते, पण त्या लाजेतही पहिला विचार आला तो हा की हे जावेचंच काम. मग आठवलं, ती महिनाभर या घरात फिरकलीच नव्हती.

मी फोटो सासूबाईंच्या डोळ्यांशी नेला. त्यांना दिसला नाही. मग मी सांगितलं. त्या बाजेवर उठून बसल्या.

"उपाशी वाकळ कशी द्यायची गं दुसऱ्याच्या घरी?" त्या म्हणाल्या. "पांगरनाराला झोप न्हाई लागत. मी भरायची आन् धाकटी काढायची. मला ठावं हाय ती काढती ते. पर घटकाभर तरी पोट भरलं ना तिचं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. जावेला माहीत होतं. कोंबड्यांनाही माहीत होतं. मी विचारलं, मग मला एका शब्दाने कुणी का सांगितलं नाही. सासूबाईंनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"तुला सांगायचं म्हंजी भ्या वाटतं, बाई."

दुसऱ्या दिवशी मी मांजरसुंब्याला गेले. ढाब्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या सावलीत ती परातीपुढे बसली होती. समोर मोठा तवा, शेजारी भाकऱ्यांची चळत. भाकरीही ती डाव्या हातानेच थापते. मला पाहून तिने हात थांबवला नाही. मनगटावर भाजल्याचा डाग होता.

"चिट्टी घावली का, अक्का?" तिने विचारलं.

वाटेत मी बरंच काही जुळवून आणलं होतं, त्यातलं काही आठवेना. चुकलं माझं, म्हणाले. घरी चल, म्हणाले. मग न राहवून विचारलंच, "कावून सांगितलं न्हाईस गं मला?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"सांगितलं असतं तर तुमी आत्याबाईच्या हातातून सुई काढून घेतली असती. आता दुसरं काय हाय त्यांच्याजवळ?"

घेतली असती. एका क्षणात घेतली असती आणि वर गिऱ्हाइकाचं कारण सांगितलं असतं. तिला मी माझ्यापेक्षा जास्त कळले होते. मी तिथेच उकिडवी बसले आणि रडले. आत कुणीतरी भाकरी मागत होतं. ती मला म्हणाली, सरका जरा, जाळ लागंल.

ढाबेवाल्याने दुसरी बाई शोधेपर्यंत ती आली नाही. अचानक काम सोडणं तिला बरं वाटेना. मग एका सोमवारी सकाळी पिशवी घेऊन आली, सुया ओवल्या, उशीला टोचल्या आणि कामाला बसली. तिने कुठलीही अट घातली नाही. नाशिकच्या बाईंची गोधडी मी परत मागवली. जावेने त्या भोकावर आतून त्याच साडीच्या काठाचा तुकडा लावला. साडी काही परत आली नाही, बाईंनी मात्र ती गोधडी ठेवून घेतली. सासूबाई अजून पोट भरतात. जाऊ काढते, आता माझ्या देखत. तुकडा कोंबड्यांना जातो. भाकरीबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही.

पण एक गोष्ट ती आल्या दिवसापासून करते. संध्याकाळी काम आवरलं की माझ्या दारात येते, पिशवी ओट्यावर पालथी करते, रिळं, डबी, रुमाल एकेक करून परत भरते आणि पदर दोन्ही हातांनी झटकून दाखवते. पहिल्या दिवशी मी तिचा हात धरला, नको गं असं करू म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "असू द्या, अक्का. बगून घ्या." चेहऱ्यावर राग नाही, टोमणा नाही. दारात झाडून घ्यावं तसं रोजचं काम.

मी दर वेळी दुसरीकडे बघायचं ठरवते. भिंतीकडे बघते, तुळशीकडे बघते. पण खरं सांगायचं तर पिशवी पालथी झाली की माझी नजर तिच्यातून काय पडतंय तिकडे जातेच. आणि ती गेलेली तिला दिसते.