सहा गेटांपलीकडचं जहाज

सोमवारी सकाळी माझे पती चहा प्यायले, खुर्चीत बसले आणि गेले. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि वेळ लिहून दिली.

पंधराव्या दिवशी मी त्यांचा लॅपटॉप उघडला. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते रोज दुपारी त्यावर अंतराळातला एक खेळ खेळत. हजारो माणसं एकाच आकाशात आपापली जहाजं चालवतात, एवढंच मला माहीत होतं. त्या वेळी मी शेजारच्या खोलीत वाचत असायचे. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या बाईला पडद्यावरचा खेळ म्हणजे वेळ घालवणं वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे. पण तिकडे त्यांची वाट पाहणारं कोणी असेल, तर कळवायला हवं होतं.

पासवर्ड त्यांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर होता. खेळ सुरू झाला आणि कोपऱ्यात अक्षरं उमटली, ‘मास्तर, कुटं होता इतके दिवस?’

मी लिहिलं, ‘मी त्यांची पत्नी. ते गेले.’

 मग आलं, ‘काकू, खेळ बंद करा आन् पत्ता द्या.’

रविवारी दोघे जण घरी आले. एक सांगोल्याकडचा डाळिंबाचा बागायतदार, दुसरा एमआयडीसीतल्या कारखान्यात टॉवेलची डिझाइनं काढणारा. दोघंही चाळिशीतले. चार वर्षं खेळात रोज एकमेकांशी बोलत होते, पण भेटले ते आमच्या जिन्यात, तेही आवाजावरून ओळख पटून. “मी तुला बारीक समजत होतो की,” डिझाइनवाला म्हणत होता. दार उघडलं तेव्हा दोघंही हसत होते.

चहा झाल्यावर बागायतदाराने विषय काढला. “काकू, मास्तरांचं जहाज अडकलंय बगा.”

शेवटच्या दिवशी ते माल भरून परतत होते आणि या तिघांच्या तळापासून सहा गेट दूर थांबले होते. गेट म्हणजे एका ताऱ्याच्या मुलखातून दुसऱ्यात जायची वाट. खेळ बंद असेपर्यंत जहाज दिसत नाही. उघडला की ते तिथंच उभं राहतं आणि टपलेला कोणीही ते फोडू शकतो. फुटलं की संपलं, परत मिळत नाही. त्या दिवशी मी नकळत ते उघड्यावर आणलं होतं.

“आमी आनतो की. पासवर्ड द्या फकस्त.”

“नको,” मी म्हणाले. “मी आणीन.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “काकू, गेम कंदी खेळलाय का?”

“नाही. पण वाचता येतं.”

मी स्वतःचं वेगळं खातं काढलं आणि दोन महिने शिकले. पहिल्या आठवड्यात तीन जहाजं फोडून घेतली. त्यातलं एक मीच दगडावर नेऊन अडकवलं होतं. डिझाइनवाला म्हणाला, “काकू, शत्रूला काही काम ठेवा की.” किती दिवसांनी हसले, ते माझ्या लक्षात आलं.

मला त्या खेळात काय आवडलं, हे मैत्रिणींना सांगताना मी अडखळते. जाड, तळटीपांनी भरलेलं पुस्तक मला आवडतं, तसा तो आहे. प्रत्येक गोष्टीमागे दुसरी गोष्ट आहे. माझ्या जहाजाचं इंजिन दुकानात आपोआप आलेलं नसतं. कोणीतरी खनिज काढलेलं असतं, कोणी ते वितळवलेलं असतं, कोणी चार गेट ओलांडून आणलेलं असतं. ती सगळी खरी माणसं. नकाशा पाठ करायला मला पंधरा दिवस लागले आणि प्रत्येक दिवस सुखाचा गेला. खनिज काढण्याला आम्ही खडी फोडणं म्हणतो. त्यात तासन् तास काहीच घडत नाही. निळ्या ताऱ्याचा उजेड जहाजावर पडलेला असतो, आणि कानातल्या हेडफोनवर त्या दोघांचा बागेतली मोटर सुरू झाल्याचा, नाहीतर शेंगाचटणी संपल्याचा विषय चाललेला असतो. इतका एकांत आणि इतकी सोबत मला एकत्र कधी मिळाली नव्हती.

शेवटी एका रविवारी दुपारी मी पतींचं खातं उघडलं. जहाज तिथंच होतं.

आमचे हे होटगीकडच्या लहान स्टेशनांवर मास्तर होते. पुढच्या स्टेशनचा मास्तर ‘लाइन क्लिअर’ म्हणाला तरी नुसत्या शब्दावर गाडी सुटत नसे. तो एक नंबर देई, हे तो परत म्हणून दाखवत आणि लिहून घेत, मगच सिग्नल. हीच शिस्त त्यांनी या दोघांना लावली होती. बागायतदार पुढच्या गेटावर जाऊन पाही, दोन आकडी नंबर देई. मी तो परत म्हणून वहीत लिही आणि जहाज सोडी. पाच गेट अशी पार पडली.

सहाव्याला तो म्हणाला, “मोकळं हाय. एकसष्ट.”

“एकसष्ट,” मी म्हणाले, आणि पेन चालेना.

“काकू, निघा.”

“थांबा, लिहायचंय.”

“ऱ्हाऊ द्या की लिवायचं.”

“नंबर लिहिल्याशिवाय गाडी सोडायची नाही.” मी दुसरं पेन आणायला आतल्या खोलीत गेले. परत येऊन नंबर लिहिला, मान वर केली तर पडद्यावर लाल खूण होती आणि माझ्या जहाजाचं कवच अर्ध्यावर आलं होतं. माझ्या जहाजासोबत चाललेला डिझाइनवाला शांतपणे म्हणाला, “काकू, लिहिलं का? मग जा आता.” त्याने आपलं छोटं जहाज त्या हल्लेखोरावर घातलं. त्याचं जहाज फुटलं. तेवढ्या वेळात मी गेट ओलांडलं आणि तळावर पोचले.

“मास्तर असते तर माझं जहाज फोडल्याबद्दल तुम्हाला मेमो दिला असता,” तो म्हणाला.

“दिला नसता,” मी म्हणाले. “नंबर लिहिला होता.”

दोघंही इतके हसले की मला हेडफोन काढावा लागला. थोडं रडूही आलं, पण हसू थांबलं नव्हतं.

डिझाइनवाल्याला नवं जहाज मी माझ्या हातच्या खनिजातून बांधून दिलं. त्याला सहा आठवडे लागले. आमच्या ह्यांचं जहाज दुरुस्त होऊन तळावर उभं आहे. त्यांचं खातं मी बंद केलेलं नाही, उघडतही नाही. मी माझ्या जहाजातून रोज त्या दोघांबरोबर खडी फोडायला जाते.