होइटचा डावा अंगठा

होइट लेडबेटर एखादी गोष्ट सावकाश करतोय, असं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजात तो मुख्य मेकॅनिक होता. एका गाडीखालून सरकत बाहेर येता येताच पुढच्या गाडीबद्दल बोलायला लागायचा. जेवायचा भरभर, चालायचा भरभर, आणि मासे धरायचा तेही तसेच.

आमचं गाव उत्तर अलाबामात, टेनेसी नदीवरच्या एका धरणाच्या तळ्याकाठी. शनिवारी पहाटे ज्याची बोट अंगणातच उभी दिसते त्याच्याकडे आजारपण तरी असतं नाहीतर लग्न तरी. मी होइटचा शेजारी, कार्लटन. बोट माझी, पण तिच्या पुढच्या टोकाला उभा राहायचा तो. कुठल्या खाडीत शिरायचं, पाण्यात काय टाकायचं, हेही तोच ठरवायचा, आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. बास जातीचे मासे धरण्यातलं मला जे काही येतं ते त्याच्याकडे बघूनच आलेलं आहे.

त्याचं लाडकं आमिष म्हणजे खुळखुळा. चपटी, मासोळीच्या आकाराची वस्तू, पोटात छर्रे, आणि खाली दोन गळ. पाण्याखालच्या गवताच्या शेंड्यांवरून होइट तो भरधाव ओढायचा. गवतात अडकला की मनगटाचा एक हिसडा, आणि त्या हिसड्यालाच बास धाड घालायचा. त्याची रिळंही त्या कामाला साजेशी, मूठ जरा फिरवली की दोर सरसर गुंडाळणारी. गळाच्या काठीच्या पाठीवर बसतात तसली, आडवी. ह्या रिळांमध्ये सगळी करामत अंगठ्याची असते. फेकताना दोर गुंडाळलेल्या फिरकीवर अंगठा हलकाच टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला लागतालागता दाबायचा. चुकलात तर फिरकी आपल्या नादात फिरत राहते, आणि विंचरलेल्या केसांचं निघावं तसं दोराचं गुंतवळ हातात येतं. माझं दर खेपेला एकदा तरी व्हायचं. होइट तेवढ्यापुरता थांबायचा आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात शीळ घालायचा.

जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. गॅरेजात काम करता करता हातातला पाना गळून पडला, तो उचलायला वाकला आणि तिथेच बसला. बरोबरच्या माणसांनी उशीर केला नाही म्हणून वाचला. बोलणं लवकर ताळ्यावर आलं. पाय ओढत का होईना, चालायलाही लागला. उजवा हात मात्र परका झाला. मूठ अर्धीच मिटायची, आणि अंगठा तर सांगितलेलं ऐकायचाच नाही.

मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचो. गप्पा बसगाड्यांच्या, हवापाण्याच्या. मार्च लागला, पाणी कोमट होऊ लागलं, बास काठाकडे सरकू लागले. ह्या दिवसांत होइटला घरात ठेवायचं तर बांधून ठेवावं लागलं असतं. पण तो तळ्याचं नाव काढेना. मी एकदा काढलं, तर म्हणाला, "तू जा की. मला काय विचारतोस?" आणि मान दुसरीकडे वळवली. त्याच रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितलं म्हणे, की मागच्या खोलीतली सगळी रिळं, सगळे डबे कार्लटनला देऊन टाक, घरात नुसती अडचण होते.

बायको नेल्डा. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. एवढ्या वर्षांच्या संसारात ती एकदाही बोटीत बसली नव्हती. मासा तिने पाहिला तो मक्याच्या पिठात घोळवून कढईत सोडायचा तेवढाच, आणि तोही कॅटफिश, कारण होइट धरलेला प्रत्येक बास पाण्यात परत सोडायचा. ही काय रीत, दिवसभर उन्हात करपायचं आणि रिकाम्या हाताने घरी यायचं, असं ती चारचौघांत म्हणायची.

तिने मला काहीच दिलं नाही. त्या शनिवारी ती घाटावरच्या विर्जिलच्या, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेली आणि एका हाताने चालेल असं रीळ दाखव म्हणाली. विर्जिलने दिलं बटणाचं रीळ. फिरकी टोपणाच्या आत झाकलेली. बटण दाबून धरायचं आणि फेकताना सोडायचं. आमच्याकडे पोरांच्या हातात पहिलं रीळ हेच देतात. तिने आणलं तेही निळं, टोपणावर पांढरा तारा काढलेलं.

होइटने ते बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. म्हणाला, "बाळंतविडा आणलास होय माझ्यासाठी?"

नेल्डाने रीळ काठीला लावलं आणि मागच्या अंगणात गेली.

मी कुंपणापलीकडे टोमॅटोची रोपं लावत होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. तिने गवतावर कपडे धुवायचं घमेलं ठेवलं, दोराला गळ नसलेलं नुसतं वजन बांधलं, आणि त्या घमेल्यात ते टाकायला बघू लागली. पहिलं वजन तिच्याच पायाशी आदळलं. दुसरं मागे उडून व्हरांड्याच्या छपरावर गेलं. तिसरं माझ्या पेकनच्या झाडात जाऊन अडकलं, ते मी शिडी लावून काढून दिलं. रोज कामावरून आली की तिचा हाच उद्योग. खिडकीचा पडदा हललेला मला दिसायचा, पण होइट बाहेर यायचा नाही.

एके दिवशी आला. चालायची काठी टेकत व्हरांड्यात उभा राहिला, आणि तिने आणखी चारपाच फेकी वाया घालवल्यावर त्याच्याने राहवेना.

"नेल्डा, तू बटण फार उशिरा सोडतेस."

"मग कधी सोडू?"

"काठी समोर येते ना, कपाळासमोर, तेव्हा. आणि खांद्याने फेकू नकोस. मनगटाने. पावावर काकवी झटकल्यासारखं नाही... आण इकडे."

गळाची काठी त्याने डाव्या हातात घेतली, कारण दुसरा हात तिला धरू शकत नव्हता. फेकलं. वजन घमेल्याच्या बरंच अलीकडे पडलं. त्याने परत फेकलं. नेल्डा बाजूला उभी राहून वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने दोरीशी घुटमळत राहिली, आणि दोरीवर तर एकही कपडा नव्हता.

नेल्डाने हे सगळं त्याला बाहेर काढायला केलं का, हे मी तिला पुढे विचारलं. म्हणाली, "छे. मला खरंच येत नव्हतं."

बटणाच्या रिळावर होइट फार दिवस टिकला नाही. हात बसला तसं त्याला ते खुपायला लागलं. दोर कमी मावतो, दूर जात नाही, आतलं काही दिसत नाही. एका संध्याकाळी मी गेलो तर जेवायच्या टेबलावर त्याची सगळी आडवी रिळं मांडलेली होती, आणि तो एकेकाची मूठ उजव्या हाताने फिरवून बघत होता.

"कार्लटन, बस. एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती," तो म्हणाला. "मी उजव्या हाताने फेकायचो, आणि फेकल्याबरोबर काठी डाव्या हातात घ्यायचो. मूठ तर उजव्यानेच फिरवायचो. सगळी रिळं उजव्या मुठीचीच आहेत. मग गेलं काय? फेकणं तेवढं गेलं."

"म्हणजे डाव्याने फेकायचं."

"डाव्याने फेकायचं, आणि काठी तिथेच राहू द्यायची. हातबदल नाही. अंगठा तेवढा नवा."

पण मूठ फिरवणंही आता पूर्वीसारखं नव्हतं. त्याच्या वेगवान रिळांची मूठ जड. त्यांचा एक फेरा भरपूर दोर ओढतो खरा, पण जोरही तेवढाच मागतो. दोनचार फेऱ्यांत त्याची बोटं सुटायची. मग त्याने पेटीच्या तळातून एक जुनं, काळं रीळ काढलं. मंद दातेरी चाकांचं, एका फेऱ्यात थोडाच दोर ओढणारं. खोल पाण्यातली अवजड आमिषं ओढायला घेतलेलं आणि फार हळू चालतं म्हणून टाकून दिलेलं. ते लोण्यासारखं फिरलं. मुठीच्या टोकाचे, बोटांत धरायचे गोळे छोटे होते, बोटांतून निसटत होते. विर्जिलने मोठे, बुचाच्या लाकडाचे गोळे बसवून दिले.

मग आमिषाचा प्रश्न. खुळखुळा मंद रिळाने ओढला तर गवतात बसतो आणि तिथेच राहतो. लांब जिभेची, खोल बुडी मारणारी लाकडी मासोळी हाताला फार खेचते. तारेवरचं पत्र्याचं पातं जमलं असतं, पण तेही सतत ओढत राहावं लागतं. होइट डबे उघडत गेला आणि बंद करत गेला. नेल्डा भांडी विसळत होती. तिने विचारलं, की अशी एखादी वस्तू नाही का, जी टाकायची आणि जवळजवळ तशीच ठेवायची?

होइटने माझ्याकडे बघितलं. अशी वस्तू आहे, आणि आयुष्यभर त्याने तिची टिंगल केली होती. रबरी गांडूळ. गळ त्याच्याच अंगात लपवायचा, पुढे शिशाची छोटी गोळी, आणि तळावरून काठीने किंचित सरकवत राहायचं. रिळाने फक्त सैल पडलेला दोर गुंडाळायचा. ते बसून राहणाऱ्यांचं काम, असं तो म्हणायचा. माझ्या डब्यात अशी गांडुळं पुष्कळ होती. स्वच्छ पाण्यासाठी भोपळ्याच्या सालीसारखी हिरवी, गढुळासाठी वांगी रंगाची. मी डबा आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याने एक वांगी रंगाचं उचललं, ताणून बघितलं, हुंगलं आणि परत ठेवलं. "चालेल," म्हणाला. पण चेहरा कडू औषध घेतल्यासारखा.

सगळा उन्हाळा तो अंगणात डाव्या अंगठ्याशी झगडत राहिला. इतकी गुंतवळं झाली की नेल्डाने ती सोडवायला तिची क्रोशाची सुई कायमची देऊन टाकली. मी एकदाही शीळ घातली नाही.

ऑक्टोबरात, ऊन मऊ झाल्यावर, आम्ही तिघं बोटीतून निघालो. नेल्डाही आली, म्हणाली, एवढी फेकायला शिकले ती काय घमेल्यासाठी? पुढे होइट खुर्चीवर बसलेला, मधे मी, मागे ती, तिच्या निळ्या रिळासकट. जुन्या पुलाच्या खांबांशी पाणी थोडं गढूळ होतं, म्हणून वांगी गांडूळ. होइटने फेकलं. खांबाच्या जरा डावीकडे पडलं. त्याने दोर सैल सोडला आणि वाट बघत राहिला. होइट वाट बघतोय, हे बघायलाच मला वेगळं वाटत होतं.

बरीच फेकाफेक झाल्यावर दोर जागच्या जागी दोनदा थरथरला आणि बाजूला चालू लागला. होइटने डाव्या हाताने काठी उचलली आणि ती वाकली. त्याने मूठ फिरवायला घेतली. सुरुवातीला बरं चाललं, मग बोटं गोळ्यावरून घसरली. मासा खाली ओढायला लागला. नेल्डा उठायला गेली.

"बस," होइट मागे न बघता म्हणाला. "कुणी हात लावू नका."

त्याने माशाला जाऊ दिलं. अंगठा फिरकीवर टेकवून जेमतेम अडवत राहिला. मासा थांबल्यावर उजव्या हाताचा तळवाच गोळ्यावर ठेवला आणि दळण दळावं तशी मूठ ढकलली, आणखी ढकलली. घाई अजिबात नाही. मासा बोटीशी आला तेव्हा मी जाळी खाली धरली. मध्यम बास, असे तो पूर्वी मोजतही नसे. त्याने डावा अंगठा माशाच्या जबड्यात घातला, उजवा हात पोटाखाली धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. नाक ओढलं. मग वाकून पाण्यात सोडला.

आमचं सगळ्यांचं लक्ष तिकडे. तेवढ्यात मागे खडखड झालं. नेल्डाने तिची काठी बोटीच्या काठावर नुसती टेकवून ठेवली होती, गळ पाण्यात. आम्ही वळलो तर काठीचं बूड पाण्यात शिरत होतं. निळं रीळ एकदा चमकलं आणि गेलं.

मग होइट हसायला लागला, झटक्यानंतर पहिल्यांदा, एका बाजूने जरा वाकडं. "नेल्डा, मोठा होता गं," तो म्हणाला. "माझ्या माशापेक्षा मोठा."

"मला कळतंय," ती म्हणाली. ती अजून पाण्याकडेच बघत होती.

परतताना आम्ही थेट विर्जिलकडे गेलो. होइटने काउंटरवर चार रिळं काढायला लावली आणि प्रत्येकाबद्दल तिला सांगू लागला. हे आडवं घे, एकदा अंगठा शिकला की दुसरं काही नको वाटेल. नेल्डाने ते हातात धरलं आणि ठेवलं. मग काठीच्या खाली लटकणारं एक हलकं रीळ उचललं, मूठ फिरवली, डावीकडे बसते का विचारलं. विर्जिलने मूठ काढून डावीकडे लावून दिली.

"ह्याने खांबांमधून मासा ओढून काढता येत नाही," होइट म्हणाला. "दोर बारीक लागतो."

"मी खांबांपाशी नाही टाकणार. मी मोकळ्या पाण्यात टाकणार."

"मोकळ्या पाण्यात ह्या दिवसांत काय असतं?"

"तिथे माझी काठी आहे," नेल्डा म्हणाली. "आणि हात माझा आहे होइट, मला हेच बरं बसतंय."

होइट छोट्या आमिषांच्या खणाकडे वळला आणि त्या बारीक दोराला झेपेल असं काय आहे ते हुडकू लागला.