नखाएवढं कोकमतेल

रत्नागिरीच्या बाजारात ती बाई दर शनिवारी कोकमतेलाचे गोळे घेऊन बसायची. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही, आधी पायांकडे बघायची. "भेगा पडल्यात वहिनी, कोमट करून लावा."

तिच्या स्वतःच्या टाचा मात्र रक्त येईपर्यंत फुटलेल्या. एकदा मी आगाऊपणे विचारलंच, "तुम्ही का नाही लावत?"

हातातला गोळा ती अंगठ्याने गुळगुळीत करत राहिली.

"आमच्या मालकांना हे गरम भातावर लागायचं. हृदयाचं दुखणं निघालं नि डॉक्टरांनी बंद केलनी. मी लपवून ठेवलं. जायच्या आदल्या दिवशी नखाएवढं मागितलनी. मी नाय दिलं."

गोळा केळीच्या पानात गुंडाळून तिने माझ्या हातावर ठेवला.

"त्यांच्या जिभेला दिलं नाय, ते माझ्या पायांना कसं लावू?"