कुठल्या कलमात लिहिलंय?

"कुठल्या कलमात लिहिलंय?" असं विचारून तो समोरच्या कागदावर उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवायचा आणि वाट बघायचा. समोरचा माणूस गडबडायचा, चष्मा शोधायचा, "असा नियमच आहे" म्हणायचा. हा शांत. बोट जागचं हलायचं नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. लोक त्याला कटकट्या म्हणतात आणि स्वतःचं काही अडलं की गुपचूप त्याच्याकडेच जातात. आमच्या जयपूरच्या ऑफिसात कापलेल्या रजेपासून कँटीनच्या पातळ डाळीपर्यंत सगळ्या तक्रारी फिरत फिरत याच्या टेबलावर यायच्या.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आले, प्रताप नगरात राहते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम बघते. तो त्याच कंपनीत टेस्टिंगला होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हेच त्याचं काम. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, गाव भुसावळ. याचा जन्म आणि शाळा मात्र जयपूरचीच, त्यामुळे मराठी घरापुरती, मध्येच हिंदीवर घसरणारी. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'ताई'.

कामासाठी माझ्याकडे पहिल्यांदा आला तो नोकरीच्या चौथ्या वर्षी, विम्याचं कार्ड घेऊन. कार्डावर एका मुलीचं नाव छापलेलं होतं.

"ताई, ही कोण?"

मी कार्ड बघितलं, त्याच्याकडे बघितलं. बारीक मिशी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या.

"कागदावर मी असा होतो," तो म्हणाला. "मतलब, जन्माच्या दाखल्यावर मुलगी लिहिलेलं. आता आधार, पॅन, सगळीकडे बदललंय. कलेक्टर ऑफिसचं सर्टिफिकेट पण आहे. तुमचं कार्डच तेवढं मागे राहिलंय."

कार्ड बदलून यायला तीन आठवडे लागले. ते खिशात घालता घालता त्यानं खरा प्रश्न काढला.

"छातीचं ऑपरेशन करायचंय. विम्यात बसतं का?"

"नाही रे," मी लगेच म्हणाले. "ते कॉस्मेटिकमध्ये जातं."

बोट टेकलं. "कुठल्या कलमात?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी ती पॉलिसी लोकांना वाटत होते, पण कधी पहिल्या पानापलीकडे गेले नव्हते. दुपारी कँटीनमध्ये कचोरीची प्लेट मध्ये ठेवून आम्ही दोघं ती वाचायला बसलो. मे महिना होता. बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि हा शर्टाच्या आत छाती आवळून धरणारी जाड बंडी घालून बसला होता. रोज घालायचा. जिना चढताना मध्येच थांबायचा आणि फोन बघतोय असं दाखवायचा. मी तोवर ते खरंच धरून चालले होते.

"काढून का ठेवत नाहीस थोडा वेळ?" मी विचारलं.

"ताई, मी अंघोळीला पण दिवा बंद करून जातो," तो म्हणाला आणि पान उलटलं.

कॉस्मेटिकच्या कलमात काही नव्हतं. एकोणिसाव्या पानावर मात्र एक ओळ निघाली. शरीर विरुद्ध लिंगासारखं करण्यासाठीचा कोणताही उपचार, शस्त्रक्रियेसह, या पॉलिसीत धरला जाणार नाही. त्यानं ती दोनदा वाचली. मला वाटलं, आता उठून जाईल. तो हसायला लागला.

"मला वाटायचं, आपल्याला कुणी हिशेबातच धरत नाही. इथं तर आपल्यासाठी वेगळी ओळ काढून ठेवलीय!"

मग हेल्पलाइन. छोट्या मीटिंग रूममध्ये फोन स्पीकरवर टाकून तो वही घेऊन बसायचा. एकानं सांगितलं, मिळेल. दुसऱ्यानं सांगितलं, डॉक्टरांनी लिहून दिलं तर मिळेल. तिसऱ्यानं विचारलं, पेशंट आपली कोण लागते. हा प्रत्येकाचं उत्तर लिहून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "यही मुझे मेल कर दीजिए." मेल एकाचाही आला नाही.

चौथ्या वेळी एक मुलगी होती. ती सारखी म्हणे, "मैडम, आपकी आवाज़ कट रही है."

"आवाज़ ठीक है," हा गोड आवाजात म्हणाला. "आप बस मैडम कट कर दीजिए."

मी तोंडावर ओढणी धरून हसले. पलीकडची मुलगीही हसली असावी, कारण त्यानंतर ती नीट 'सर' म्हणायला लागली आणि तिनंच खरं काय ते सांगितलं: कंपनीच्या पॉलिसीचा करार एजंटमार्फत होतो, त्यालाच विचारा.

एजंट ऑफिसात आला. सभ्य माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बुरा मत मानिए, पर ये तो शौक की चीज़ हुई ना."

"शौक मुझे पतंग का है, भैया," हा म्हणाला. "ये इलाज है."

एजंटानं बॅगेतून लॅपटॉप काढला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. ही ओळ काढता येते, तो म्हणाला. कंपनीनं मागितलं तर. दरवर्षी नूतनीकरणाच्या आधी काय हवं आणि काय नको याचा तक्ता आम्ही पाठवतो. "मैडम को ही भेजते हैं."

मैडम म्हणजे मी.

तक्ता समोर होता. बाळंतपण, आईवडील, डोळ्यांचं ऑपरेशन, आणि आठव्या रकान्यात हे. प्रत्येकापुढे 'हवं' आणि 'नको'. सगळ्यात खाली एक सोयीची चौकट: 'गेल्या वर्षीप्रमाणे'. सहा वर्षं मी त्या चौकटीत खूण केली होती. खाली माझी सही.

त्या दिवशी त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं नाही.

"ताई, तुम्हाला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मी वाचलं नव्हतं. ते वेगळं."

"हो," तो म्हणाला. "वेगळं आहे." आणि चहा आणायला उठला. दोन कप घेऊन आला, पण त्यानं मला माफ केलं असं मी अजूनही म्हणत नाही.

त्याच सुमारास त्याच्या आईनं मला शास्त्री नगरच्या घरी जेवायला बोलावलं. भरीत आणि कळण्याची भाकरी. वडील आतल्या खोलीत टीव्ही बघत होते, जेवायला बाहेर आले नाहीत. वाढता वाढता आई हळूच म्हणाल्या, "कंपनीनं लिहून दिलं ना, तर बरं होईल. यांनी आयुष्यभर कागद बघून गाडी सोडली. कागद दिसला तर मानतील."

"आई, पप्पांना पटवायला नाही करत मी," हा ताटातून मान वर न करता म्हणाला. "मला पाहिजे म्हणून करतो. कागद तर मला माझ्या हक्काचा पाहिजे."

आईंनी त्याच्या भाकरीवर आणखी लोणी घातलं.

डायरेक्टरसाहेबांकडे आम्ही दोघं गेलो. साहेब वाईट नव्हते. घाईत होते. हिंदीत म्हणाले, "एका माणसासाठी सगळ्यांची पॉलिसी बदलायची?"

"सर, बाळंतपणाचा खर्च तुम्ही मला चार वर्षं दिलाय," हा म्हणाला. "जुन्या कार्डावर होता. मी एकदाही वापरला नाही. तो घ्या परत, हे द्या."

साहेबांना हसू आवरेना. मग सावरून म्हणाले, "बरं, असे आणखी किती जण आहेत आपल्याकडे? नावं दे, मी वर बोलतो."

"नावं नाही देणार."

"मग मी काय दाखवू?"

"मला दाखवा. मी आलोय ना समोर?"

साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. केबिनबाहेर आल्यावर मी काहीतरी धीराचं बोलायला लागले, तर त्यानं हात वर करून मला थांबवलं. महिन्याभरात त्यानं पुण्यात दुसरी नोकरी मिळवली. मुलाखतीत पगाराआधी पॉलिसीचं पान मागितलं, आणि त्यांनी ते दिलं. त्यात हे ऑपरेशन धरलेलं होतं.

नोटिशीचे दोन महिने लोक सहसा कसे काढतात, ते तुम्हाला माहीत आहे. हा रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी बसून आमच्या पॉलिसीसाठी अर्ज लिहीत होता. कोणती ओळ काढायची, तिच्या जागी काय लिहायचं, डॉक्टरांचे कागद कोणते लागतील. एक गोष्ट त्यानं तीनदा अधोरेखित केली: दावा थेट विमा कंपनीकडे जावा, एचआरला कर्मचाऱ्याचं नाव कळू नये.

"म्हणजे मलाही नाही?" मला जरा लागलं.

"तुम्हाला तर बिलकुल नाही, ताई. सगळ्यांना माझ्याएवढं तोंड नसतं."

"आणि तू तर चाललास. तुला याचा काय उपयोग?"

"मी गेल्यावर ओळ पण जाणार आहे का?"

तो गेला. पुढच्या नूतनीकरणाचा तक्ता आला तेव्हा मी पहिल्यांदाच एकेक रकाना भरला. आठव्यापुढे 'हवं' लिहिलं, त्याचा अर्ज जोडला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पुन्हा विचारलं, कितीजण आहेत. मी म्हणाले, मला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. सही होईपर्यंत मी खुर्चीवर बसून राहिले. मधे त्यांचे दोन फोन झाले, एक चहा झाला. मी उठले नाही. शेवटी त्यांनी खर्चावर मर्यादा घालून सही केली. त्यानंतर ते कलम आमच्याकडे कुणी वापरलं का, मला ठाऊक नाही.

नवी पॉलिसी आली तशी मी त्या पानाचा फोटो काढून त्याला पाठवला. दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी एक व्हिडिओ आला, आईंनी काढलेला, हलणारा. पुण्याच्या कुठल्याशा हॉस्पिटलचा लांब व्हरांडा. ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. छातीवर पांढरी पट्टी, तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या आणि त्यांच्या टोकाच्या पिशव्या कापडी बटव्यात घालून त्याच्या खांद्याला अडकवलेल्या. चेहरा फिक्का, केस विस्कटलेले.

"ताई, बघताय ना?" तो बटव्यावर थाप मारून म्हणाला. "इतकं सगळं केलं, आणि शेवटी पर्स गळ्यात पडलीच."

मागून आईंचा आवाज आला, "बोलू नको रे, चाल."

तो वळला आणि भिंतीचा आधार न घेता, एकेक पाऊल टाकत, दिव्यांच्या उजेडातून सरळ पुढे चालत गेला.